पेटी कुणाचीही असो, जागा एकच: विमानातल्या एव्हिऑनिक्स मानकांची पार्श्वभूमी

प्रवासी विमानाच्या कॉकपिटखाली एव्हिऑनिक्सच्या, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या, पेट्यांनी भरलेले रॅक असतात. त्यातली एखादी बिघडली की तंत्रज्ञ ती ओढून काढतो आणि दुसरी सरकवतो. दुसरी पेटी वेगळ्या कंपनीची असली तरी बहुतेक वेळा चालते. हे काही आपोआप घडलेलं नाही.

सुरुवात रेडिओपासून झाली. १९२० च्या दशकाअखेर अमेरिकेतली प्रत्येक विमान कंपनी स्वतःचं रेडिओ केंद्र आणि स्वतःची फ्रिक्वेन्सी मागू लागली. फ्रिक्वेन्सी तर मोजक्याच. यावर तोडगा म्हणून डिसेंबर १९२९ मध्ये विमान कंपन्यांनी मिळून एरोनॉटिकल रेडिओ इन्कॉर्पोरेटेड, म्हणजे एरिंक, स्थापन केली. परवाने तिच्या नावावर, वापर सगळ्यांचा. पुढे १९४९ मध्ये एरिंकच्या छत्राखाली विमान कंपन्यांच्या अभियंत्यांची एईईसी ही समिती आली आणि उपकरणांची मानकं ठरवण्याचं काम तिच्याकडे गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही मानकं सरकारने लादलेली नाहीत. सुरक्षिततेचे नियम नियामक ठरवतात, उपकरणांच्या किमान कामगिरीचे निकष अमेरिकेतली आरटीसीए आणि युरोपातली युरोके या संस्था लिहितात. एरिंकची मानकं मात्र गिऱ्हाइकाच्या गरजेतून आली. एकाच पुरवठादाराच्या तावडीत सापडलं की सुट्या भागांची किंमत तोच ठरवणार, हे विमान कंपन्यांना नेमकं ठाऊक होतं. म्हणून पेटीचा आकार, कनेक्टरची जागा, कोणत्या पिनवर कोणता सिग्नल, थंड हवा कुठून येणार, हे सगळं कागदावर बांधून घेतलं. पेटीच्या आत काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं. स्पर्धेला जागा राहिली ती तिथेच.

डिजिटल उपकरणं आली तसा प्रश्न बदलला. पेटी रॅकमध्ये बसली, पण शेजारणीशी बोलणार कशी? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या एरिंक ४२९ ने याचं उत्तर इतकं साधं दिलं की आज हसू यावं. पीळ दिलेल्या दोन तारा, एक बोलणारा, जास्तीत जास्त वीस ऐकणारे. प्रत्येक संदेश ३२ बिटांचा, वेग सेकंदाला १२.५ किंवा १०० किलोबिट. संदेशातले आठ बिट म्हणजे लेबल, आणि ते अष्टमान (फक्त ० ते ७ आकड्यांच्या) पद्धतीत वाचायचं: २०३ आलं की समजायचं, हवेच्या दाबावरून काढलेली उंची. उलट उत्तर द्यायचं असेल तर तारांची वेगळी जोडी ओढा. विमानात तारांचं जंगल वाढलं, वजन वाढलं, पण कोण कुणाला काय सांगतोय ते डोळ्यांपुढे स्पष्ट राहिलं. बोइंग ७५७, ७६७ आणि एअरबस ए३१० च्या पिढीने ते उचललं, आणि आजच्या नव्या विमानांतही ते सापडतं.

तारांचं हे जंगल कमी करायला बोइंगने ७७७ साठी एरिंक ६२९ आणलं. एकाच मार्गिकेवर अनेक पेट्या आळीपाळीने बोलणार, वेग सेकंदाला २ मेगाबिट. अभियांत्रिकी म्हणून उत्तम. पण त्याचे सुटे भाग खास बनवावे लागत आणि ७७७ पलीकडे प्रवासी विमानांत ते रुजलंच नाही. माझ्या मते मानक म्हणून ते इथेच हरलं.

एअरबसने ए३८० साठी उलटी वाट धरली. संगणक एकमेकांना जोडणारं, जगभर स्वस्तात मिळणारं इथरनेट घेतलं आणि प्रत्येक संदेशाचा मार्ग व वाटा आधीच ठरवून त्याला शिस्त लावली. ते एरिंक ६६४ च्या सातव्या भागात नोंदलं गेलं, आणि बोइंगने ७८७ साठी तोच पाया स्वीकारला. दरम्यान अनेक कामं एकाच संगणकावर चालू लागली होती. तेव्हा एरिंक ६५३ ने चित्रच बदललं: प्रत्येक प्रोग्रॅमला स्मृती आणि वेळ यांचा बंदिस्त कप्पा, म्हणजे एक कोसळला तरी दुसऱ्याला धक्का नाही.

२०१३ मध्ये एव्हिऑनिक्स बनवणाऱ्या रॉकवेल कॉलिन्सने एरिंक विकत घेतली. पुरवठादाराच्याच घरात मानकं लिहिली जाणं कुणाला पटणारं नव्हतं. त्यामुळे मानकांचा विभाग वेगळा काढून एसएई या संस्थेकडे सोपवला गेला. एईईसीचं काम आता तिथूनच चालतं, मानकांवरचं एरिंक हे नाव मात्र तसंच आहे.