रात्री १० पर्यंत कितीही आवाज चालतो? नाही हो!

बेळगावात वडगाव-शहापूरकडं कुणाला रविवारी घरातलं कापायचं-घासायचं मशीन, म्हणजे ग्राइंडर, जरा थांबव म्हटलं की ठरलेलं उत्तर, 'रात्री १० पर्यंत कायद्यानं चालतंय की'. अजिबात नाही! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० लासुद्धा मर्यादा आहे, ५५ डेसिबल, रात्री ४५. ग्राइंडर जवळून १०० च्या आसपास जातो, त्यात आपली घरं भिंतीला भिंत लागलेली, कामाचं टेबल म्हणजे बेंच भिंतीला टेकवलं की थरथर थेट पलीकडं, जिथं कुणाची आजी पडलेली असते नाहीतर दहावीचं पोर अभ्यासाला बसलेलं, नुसतं दार लावून ही थरथर थांबत नाही. बेंच वीतभर पुढं घ्या, पायांखाली जाड रबर घाला. कापाकापी सकाळी ११ नंतर एका दमात उरका, आदल्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगून ठेवा. मोठं काम असेल तर सरळ उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात न्या.