आंतरराज्य वैद्यकीय परवाना करार (अमेरिका)

अमेरिकेत डॉक्टरांना परवाना केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचे वैद्यकीय मंडळ देते. एका राज्यात परवाना असलेल्या डॉक्टरला दुसऱ्या राज्यांतही तो लवकर मिळावा, यासाठी राज्यांनी आपापल्या विधिमंडळांत कायदा करून स्वीकारलेली व्यवस्था म्हणजे हा करार. तिथले डॉक्टर त्याला नुसते ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात.

या कराराची गरज का पडली, हे कॅन्सस सिटीत चांगले दिसते. हे महानगर कॅन्सस आणि मिसुरी या दोन राज्यांत पसरले आहे आणि त्यातला स्टेट लाइन रोड बरेच अंतर सीमेवरूनच जातो. रस्त्याच्या अलीकडच्या डॉक्टरने पलीकडे राहणाऱ्या रुग्णाला व्हिडिओवर तपासले, तर सर्वसाधारण नियमानुसार उपचार रुग्ण असलेल्या राज्यात झाले असे धरतात. डॉक्टर कुठे बसला होता, हे गौण ठरते. म्हणजे त्याच्याकडे पलीकडच्या राज्याचाही परवाना हवा.

राज्यांचा हा अधिकार जुना आहे. ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये तो मान्य केला. फ्रँक डेंट काही वर्षे प्रॅक्टिस करत होता, पण त्याची पदवी राज्याच्या मंडळाने ग्राह्य धरली नाही आणि न्यायालयानेही मंडळाचीच बाजू घेतली. भोंदूंचा सुळसुळाट असलेल्या त्या काळात हे योग्यच होते. पुढे मात्र परवान्यासाठीची यूएसएमएलई परीक्षा देशभर एक झाली, निवासी प्रशिक्षणाला मान्यता देणारी यंत्रणाही राष्ट्रीय झाली, तरी परवाना राज्याराज्यांतच अडकून राहिला. तीच प्रमाणपत्रे, तीच पडताळणी, दर राज्यात नव्याने. याची खरी झळ विरळ वस्तीच्या राज्यांतल्या रुग्णांना बसते. वायोमिंगमधल्या माणसाचा तज्ज्ञ डॉक्टर अनेकदा शेजारच्या राज्यांतल्या डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीत असतो. हा करार २०१५ मध्ये सर्वांत आधी वायोमिंगनेच स्वीकारला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कराराचा मसुदा २०१४ मध्ये तयार झाला आणि परवाने २०१७ पासून मिळू लागले. डॉक्टर आधी आपले ‘मुख्य राज्य’ सांगतो. तो तिथे राहत असावा, त्याचे किमान २५ टक्के काम तिथे चालत असावे किंवा त्याची नोकरी देणारी संस्था तिथली असावी. ते राज्य शिक्षण, परीक्षा, विशेषज्ञता आणि बोटांच्या ठशांवरून गुन्ह्यांची नोंद तपासून पात्रतापत्र देते. शिस्तभंगाची कारवाई झालेला डॉक्टर पात्र ठरत नाही. पुढे हव्या त्या सदस्य राज्यांचे परवाने त्याच पत्रावर मिळतात. मुख्य राज्याने परवाना रद्द केला, तर या मार्गाने मिळालेले बाकीचे परवानेही आपोआप जातात. रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी हे कलम फार मोलाचे आहे.

तरीही हा ‘एक देश, एक परवाना’ नव्हे. अर्जाचे ७०० डॉलर भरल्यावर प्रत्येक राज्याचे शुल्क वेगळे, नूतनीकरणही वेगळे. परिचारिकांचा करार याहून पुढचा आहे. त्यात मूळ राज्याचा एकच परवाना सर्व सदस्य राज्यांत चालतो, वाहन चालवण्याच्या लायसनसारखा. डॉक्टरांनाही तेच मिळायला हवे होते. शिवाय कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ही मोठी राज्ये २०२४ अखेरपर्यंत कराराबाहेरच होती. माजी सैनिकांच्या केंद्रीय रुग्णालयांत मात्र कोणत्याही एका राज्याचा परवाना पुरतो.

महाराष्ट्रातून एमबीबीएस करून तिकडे गेलेल्या डॉक्टरांनाही या मार्गाने जाता येते, कारण मान्य यादीतली परदेशी महाविद्यालये करारात चालतात. मात्र निवासी प्रशिक्षण अमेरिकेतले मान्यताप्राप्त असावे लागते. भारतातही डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेसारख्या राज्य परिषदांकडे होते. पण मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कोणत्याही भागातील रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो. त्यासाठी रुग्णाच्या राज्याचा वेगळा परवाना काढावा लागत नाही.