अर्धवट रेल्वे आणि युद्धाचा रस्ता

ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या ॲलिस स्प्रिंग्जहून उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनकडे कॅरॅव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन निघालं की स्टुअर्ट हायवेलगत दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्ट्या, छावण्यांच्या जागा आणि बंद पडलेली रेल्वे स्थानकं लागत जातात. ही सगळी याच रस्त्याच्या कडेला का, याचं उत्तर एका अपुऱ्या रेल्वेत आहे.

उत्तरेकडून, म्हणजे डार्विनहून, पाइन क्रीकच्या सोन्याच्या खाणींपर्यंत १८८९ मध्ये रूळ पोहोचले. ते टाकणारे मजूर मुख्यतः चिनी. दक्षिणेची रेल्वे १८९१ मध्ये ऊडनाडाटाला थांबली आणि पुढचा माल उंटांवर लादला जाई. उंट आणि उंटवाल्यांचा पहिला मोठा ताफा १८६६ मध्ये कराचीहून आला होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे या वाळवंटी वाहतुकीची एक दोरी आपल्यापर्यंतही येते. १९११ मध्ये नॉर्दर्न टेरिटरी हा सगळा उत्तरेकडचा प्रदेश ताब्यात घेताना केंद्र सरकारने दोन्ही टोकं जोडायचं कबूल केलं, मुदत मात्र घातली नाही. पुढे जे व्हायचं तेच झालं. १९२९ मध्ये दक्षिणेची रेल्वे ॲलिसला आणि उत्तरेची बर्डम या ठाण्याला पोहोचली. मध्ये सुमारे १,००० किलोमीटरची पोकळी तशीच राहिली.

युद्ध सुरू झाल्यावर ही पोकळी महागात पडणार, हे उघड होतं. १९४० मध्ये टेनंट क्रीक ते बर्डम हा जवळपास ५०० किलोमीटरचा रस्ता तीन महिन्यांत तयार झाला. सामान ॲलिसपर्यंत रेल्वेने, तिथून लष्करी ट्रकच्या ताफ्यांनी आणि शेवटी पुन्हा रेल्वेने डार्विनला जाई. बर्डमची जमीन सखल, पावसाळ्यात पाणी भरणारी. म्हणून सैन्याने चढउताराचं ठाणं थोडं उत्तरेला लारिमाला हलवलं. ट्रकवाल्यांच्या मुक्कामांपैकी एलियट हे पुढे गाव झालं आणि बांका बांकाला आज कॅरॅव्हॅनवाले रात्र काढतात.

१९ फेब्रुवारी १९४२ ला जपानी विमानांनी डार्विनवर दोन हल्ले केले. पहिल्यात १८८ विमानं होती. दिवसभरात किमान २३५ माणसं मेली. त्यानंतर शहराच्या दक्षिणेला रस्त्याच्या कडेने धावपट्ट्या वापरात आल्या. स्ट्रॉस आणि लिव्हिंगस्टोन ही त्यांतल्या दोन पट्ट्यांची नावं तिथल्या लढाईत मेलेल्या अमेरिकन वैमानिकांची आहेत. ॲडलेड रिव्हरच्या युद्ध-दफनभूमीशेजारी नागरिकांच्याही कबरी आहेत. त्या दिवशी मेलेले पोस्टाचे कर्मचारी तिथे आहेत. जवळच्या जुन्या रेल्वे स्थानकात संग्रहालय आहे. वेळ कमी असेल तर मी इतर थांबे गाळून इथेच उतरायला सांगेन, कारण रेल्वे आणि युद्ध दोन्ही इथे एकाच गावात दिसतात.

बर्डमकडची रेल्वे १९७६ मध्ये बंद झाली. १९११ चं वचन पुरं व्हायला २००४ साल उजाडलं, आणि तेही सगळे नवे रूळ टाकून.