तांब्याचा गज, थर्मामीटर आणि पाउलीचा नियम

नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेलं तांब्याचं पातेलं गॅसवर ठेवलं की क्षणात त्याची कडही चटका देते. ही उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन वाहून नेतात. तांब्यात अणूमागे साधारण एक. १९०० मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ड्रूडने त्यांना डब्यात कोंडलेल्या वायूसारखं मानलं. त्या हिशेबाने एक किलो तांबं एका अंशाने तापवायला सुमारे ५८० जूल लागायला हवेत. लागतात ३८५. एवढे तर नुसत्या अणूंच्या थरथरीलाच लागतात. मग इलेक्ट्रॉनांचा वाटा गेला कुठे?

उत्तर भौतिकशास्त्रज्ञ पाउलीच्या १९२५ च्या नियमात आहे: कोणतेही दोन इलेक्ट्रॉन अगदी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. पर्वणीला गच्च भरलेल्या रामकुंडाच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणा. एकेका पायरीवर दोघांनाच जागा, तीही परस्परविरुद्ध स्पिनच्या (स्पिन हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण, त्याच्या दोनच दिशा असतात). तांब्यात या पायऱ्या तळापासून ७ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत (हे ऊर्जेचं एक छोटं एकक) भरलेल्या असतात. खोलीतल्या उष्णतेची उडी मात्र ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची. खालच्याने तेवढी उडी घ्यायची म्हटली तरी वरची पायरी आधीच भरलेली! हलू शकतात ते फक्त अगदी वरच्या काठावरचे. म्हणून इलेक्ट्रॉनांचा वाटा अपेक्षेच्या जेमतेम एक टक्का उरतो. हा हिशेब जर्मन भौतिकशास्त्रज्ञ झोमरफेल्डने १९२७ मध्ये मांडला. काठावरचे हे मोजके इलेक्ट्रॉन गार तांब्यातही सेकंदाला जवळपास १,६०० किलोमीटर वेगाने धावत असतात, त्यामुळे उष्णता वाहायला तेवढे पुरतात.

इथे एक गैरसमज हमखास होतो. समान विद्युतभारामुळे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात आणि म्हणून जागा अडते, असं नाही. विद्युतभार नसलेल्या न्यूट्रॉनांनाही हाच नियम लागू आहे.

हे घरी पडताळता येतं, आणि शाळांनी ते जरूर करून पाहावं. ५०० ग्रॅमचा तांब्याचा भरीव गज दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. नाशिकच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. थर्माकोलच्या डब्यात २८ अंशांचं ५०० ग्रॅम पाणी घ्या. गज बाहेर काढून झटकन फडक्याने टिपा, पाण्यात सोडा, ढवळत राहा आणि पारा थांबला की वाचा. पाणी ३४ अंशांच्या आसपास थांबेल. सगळ्या इलेक्ट्रॉनांनी उष्णता घेतली असती, तर गजाने सोबत जास्त उष्णता आणली असती आणि पारा साडेछत्तिसापर्यंत गेला असता.

प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा चिकटून आलेल्या पाण्यामुळे. पाच ग्रॅम उकळतं पाणी गजाबरोबर आलं तरी पारा ०.६ अंश जास्त चढतो. तारेचं वेटोळं म्हणूनच नको, वेढ्यांमध्ये पाणी अडकून राहतं. उलट टिपण्यात वेळ गेला, तर गज हवेतच निवतो आणि आकडा ३४ च्या खाली येतो.