पिक्चरवरून काढलेली कादंबरी पिक्चरपेक्षा वेगळी का निघते

'स्टार वॉर्स'ची पहिली कादंबरी हातात घेतली की कव्हरवर लेखक म्हणून पिक्चरचा दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकसचं नाव दिसतं, पण लिहिलीये ॲलन डीन फॉस्टरने, घोस्टरायटर म्हणून. आणि तारीख बघा, पुस्तक आलं १९७६ च्या शेवटी आणि पिक्चर लागला मे १९७७ मध्ये! म्हणजे जो पिक्चर कोणी बघितलाच नव्हता त्याची कादंबरी लोक आधीच वाचत होते.

आपल्याला वाटतं कोणीतरी थिएटरात पिक्चर बघून आला आणि लिहायला बसला. तसं सहसा होतच नाही. पिक्चर लागेपर्यंत पुस्तक दुकानात यायला हवं, छपाईला वेळ लागणार, म्हणून लेखकाला कितीतरी आधी लिहून द्यावं लागतं, तेव्हा एडिटिंग व्हायचं असतं, कधी शूटिंगसुद्धा, मग हातात काय तर स्क्रिप्ट आणि मिळालीच तर काही चित्रं. पुढे पिक्चरमधून जे उडवलं जातं ते पुस्तकात तसंच राहतं. 'स्टार वॉर्स'चा हीरो ल्यूक आणि त्याचा जिगरी दोस्त बिग्ज सुरुवातीलाच भेटतात तो सीन शूट झाला होता पण कापला, त्यामुळे शेवटच्या लढाईत बिग्ज मरतो तेव्हा पिक्चरवाल्यांना हा कोण बाबा असं होतं आणि पुस्तकवाल्यांना खरंच चटका बसतो. १९७९ च्या 'एलियन'ची कादंबरीपण फॉस्टरचीच, आणि त्याला पिक्चरमधला तो परग्रहावरचा प्राणी दाखवलाच नव्हता, म्हणून पुस्तकात त्याचं वर्णन फार मोघम आहे. माझ्या मते त्याने उलट जास्तच भीती वाटते.

हे काही तेव्हा सुरू झालेलं नाही. 'किंग काँग'ची कादंबरी डिसेंबर १९३२ ची, पिक्चर मार्च १९३३ चा. त्याच्याही आधी 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाची कादंबरी आणि पटकथा दोन्हींत हात होता तो थेया फॉन हार्बूचा (हीच ती, जिने नंतर आपल्या बेळगावकडच्या अयी तेंडुलकरांशी लग्न केलं). खप मात्र सत्तरच्या दशकात वाढला आणि त्याचं कारण साधंय, पिक्चर थिएटरातून उतरला की संपला, 'स्टार वॉर्स'ची व्हिडिओ कॅसेट यायला १९८२ उजाडलं, तोवर पुन्हा अनुभवायचा तर पुस्तकच.

सगळेच लेखक स्क्रिप्ट निमूटपणे उतरवून काढत नव्हते. १९६६ च्या 'फँटास्टिक व्हॉयेज'मध्ये पाणबुडी आणि आतली माणसं सूक्ष्म करून पेशंटच्या शरीरात सोडतात, तासाभरात सगळं परत मूळ आकाराला येणार असतं. पिक्चरमध्ये माणसं डोळ्यातल्या अश्रूतून बाहेर येतात आणि पाणबुडी पांढऱ्या पेशीने गिळलेली, आतच राहते. मग ती मोठी झाल्यावर पेशंटचं काय?? त्याची कादंबरी लिहिणाऱ्या आयझॅक असिमोव्हला हे पटेचना, त्याने कादंबरीत त्या पेशीलाच मागे लावून पाणबुडीसकट बाहेर आणली. त्यातही पुस्तक पिक्चरच्या आधी आल्यामुळे पुष्कळांना पिक्चरच असिमोव्हच्या कादंबरीवरून काढलाय असं वाटत राहिलं.

आर्थर क्लार्कचं प्रकरण अजून गमतीचं. '२००१: अ स्पेस ओडिसी'ची कादंबरी आणि पटकथा तो नि दिग्दर्शक कुब्रिक बरोबरीने रचत होते, पिक्चर एप्रिल १९६८ ला आला, पुस्तक त्यानंतर थोड्याच महिन्यांत. पुस्तकात यान शनीपर्यंत जातं, पिक्चरमध्ये गुरूवरच थांबतं कारण शनीची कडी पडद्यावर पटतील अशी जमेनात. मग १९८२ मध्ये क्लार्कने पुढची कादंबरी '२०१०' लिहिली तेव्हा स्वतःच्या पुस्तकातला शनी सरळ सोडून दिला आणि पिक्चरमधला गुरूच पुढे नेला.