विधानात न लिहिलेलं गृहीतक

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये ‘विधान आणि गृहीतके’ या प्रश्नप्रकाराचा बऱ्याच मुलांनी धसका घेतलेला असतो. यात एक विधान देतात आणि खालच्या पर्यायांपैकी कोणतं त्यात न सांगता धरलेलं आहे, ते विचारतात. बँकेच्या परीक्षांत हे प्रश्न येतात, राज्यसेवा पूर्वपरीक्षेत २०१३ पासून सीसॅटचा, म्हणजे कल चाचणीचा, पेपर आहे, आणि तरी अनेक जण ते अंदाजपंचे सोडवतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण या प्रश्नांना एक पक्की कसोटी आहे.

आपल्या भागातलंच विधान घेऊ : ‘पारा १० अंशांच्या खाली जाण्याची शक्यता आहे, केळी उत्पादकांनी रात्री बागेला पाणी द्यावे.’ रावेर-यावलकडे हा सल्ला कुणाला नवा नाही. थंडीच्या रात्री विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, ओल्या जमिनीत ऊब टिकते, म्हणून बागेला थंडीचा फटका कमी बसतो. विधानात यातलं अक्षरही नाही. ‘पाणी दिल्याने थंडीची इजा कमी होते’ हे सल्ला देणाऱ्याने धरूनच चाललंय. तेच गृहीतक.

न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, अनुमानाचे पाच अवयव (भाग) सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा), कारण धूर दिसतो (हेतू). ‘जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात’ हे तिसऱ्या अवयवात उघड सांगावंच लागतं. रोजच्या बोलण्यात आपण नेमकं तेच गाळतो, आणि परीक्षक तेच विचारतो.

आता कसोटी. पर्याय उलटा करून पाहायचा. ‘पाणी दिल्याने इजा कमी होत नाही’ म्हटलं की सल्ल्यात काही अर्थच उरत नाही, म्हणजे तो पर्याय गृहीतक होता. उलटा करूनही विधान उभं राहिलं, तर पर्याय सोडून द्यायचा.

खरी मेख ‘सर्व’ या शब्दात असते. पर्याय समजा असा आहे : ‘सर्व उत्पादकांकडे रात्री पाणी आणि वीज आहे.’ उलटं काय? ‘कुणाकडेच नाही’ हे उलटं नव्हे. ‘काहींकडे नाही’ हे उलटं. रात्रीची लाइट ज्याच्या वाट्याला आली नाही त्याची अडचण होईल, तरी बाकीच्यांसाठी सल्ला योग्यच राहतो. म्हणून हे गृहीतक नाही. ‘निदान काही उत्पादक रात्री पाणी देऊ शकतात’ हे मात्र आहे, कारण ते नाकारलं की सल्ला द्यायचा तरी कुणाला? मुलांचे सर्वाधिक गुण इथेच जातात असं मला वाटतं.

‘जळगावची केळी प्रसिद्ध आहे’ असाही पर्याय येऊ शकतो. शंभर टक्के खरं, पण विधान त्यावर टेकलेलं नाही. खऱ्या वाटणाऱ्या वाक्याकडे मन ओढलं जातंच. इव्हान्स, बार्स्टन आणि पोलार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये तर्कदृष्ट्या चुकीचे निष्कर्ष लोकांपुढे ठेवले. निष्कर्ष पटण्याजोगा असला की सुमारे ७१ टक्के वेळा तो मान्य झाला. न पटण्याजोगा असला की जेमतेम १० टक्के वेळा. शेतकऱ्याच्या पोराला केळीबद्दल भरपूर माहिती असते, म्हणून या प्रश्नात त्याने जास्तच सावध राहावं.

‘पाणी देणे हाच एकमेव उपाय आहे’ हा पर्यायही तपासून पाहा. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करता येतो, वारा अडवायला शेवरी लावता येते. दुसरे उपाय आहेत असं मानलं तरी पाणी देण्याचा सल्ला जागचा हलत नाही. हा पर्याय खोडायचा.