नाइटच्या चिलखताच्या जुन्या प्रतिकृती

मध्ययुगीन युरोपातल्या घोडेस्वार योद्ध्यांची, म्हणजे नाइट लोकांची पोलादी चिलखतं १९व्या शतकात परत घडवायला लागले, पण ती लढायला नाही तर श्रीमंतांच्या वाड्यात जिन्याशेजारी उभी करायला. त्यातल्या बऱ्याच नकलांना आता शंभर-दीडशे वर्षं झालीयेत, म्हणजे नक्कलच अँटिक होऊन बसली!

इंग्लंडमध्ये तेव्हा जुन्या सरदारी थाटाचं भारी वेड होतं. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडात एग्लिंटनच्या अर्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, चक्क जुन्या पद्धतीची भाल्यांची टूर्नामेंट भरवली, लंडनचा व्यापारी सॅम्युअल प्रॅट याने चिलखतं पुरवली, आणि पहिल्याच दिवशी असा धो धो पाऊस पडला की सगळा चिखल. हाच प्रॅट पुढे नवीन माल जुना म्हणून खपवण्याबद्दलही बदनाम झाला. म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिटचं तसं नव्हतं, तो सरळ कॅटलॉग छापून प्रतिकृती विकायचा आणि काम इतकं सुबक की पुढच्या मालकांनी त्याच वस्तू अस्सल म्हणून विकल्या, त्यात त्याचा काय दोष.

ओळखायचं कसं? अस्सल चिलखत हातोड्याने ठोकून केलेलं, छातीवर मध्यभागी जाड आणि कडेला पातळ, आतली बाजू काळपट आणि ठोक्यांचे वण तसेच ठेवलेले, कारण आत कोण बघतंय. नक्कल बहुतेक वेळा कारखान्यातल्या पत्र्याची, त्यामुळे जाडी सगळीकडे सारखी. हुशार कारागीर अ‍ॅसिडने गंजाचे खड्डेसुद्धा पाडायचे, म्हणून नुसत्या गंजावर भरवसा ठेवू नये. त्यापेक्षा सांधे हलवून बघावेत. रणांगणावरचं पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलोचं असायचं पण वजन अंगभर वाटलेलं, माणूस त्यात धावू शकायचा, घोड्यावर चढायचा (क्रेनने चढवायचे वगैरे नुसत्या थापा). शोभेच्या चिलखतात मात्र हात खांद्याच्या वर जाईल याची खात्री नाही. लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेल्या चिलखतात अस्सल कडी सहसा रिव्हेट मारून बंद केलेली, स्वस्त नकलेत टोकं नुसती जवळ आणलेली.

आजही स्पेनच्या टोलेडोत असा माल बनतो, आपल्याकडे डेहराडूनमध्येही बनतो आणि बाहेर जातो.

सगळ्यात डोकेदुखी जोडकामाची असते, शिरस्त्राण खरं, हातमोजे १९व्या शतकातले, पाय तिसऱ्याच कुणाचे, तिथे एकेक तुकडा सुटा करूनच बघावा लागतो.